दान कुणाच्या खिशातून?

क्रोशाचा खरा टाका घालणारं यंत्र आजही कारखान्यांत नाही. स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, लेस काढणारी आहेत, ‘क्रोशे मशीन’ या नावानं विकली जाणारीही आहेत. पण त्यांतून निघते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. सुईच्या आकड्यानं दोरा ओढून एका फासातून दुसरा फास काढायचा, साखळीवर खांब आणि खांबावर खांब चढवत जायचं, हे काम अजून माणसाच्याच हाताला जमतं. म्हणून मक्का-मदिनेच्या दुकानांत ढिगानं रचलेल्या पांढऱ्या जाळीदार टोप्यांपैकी जी टोपी खरोखर क्रोशाची आहे, ती कुणीतरी, बहुधा एखाद्या बाईनं, तासन् तास बसून विणलेली आहे. ती कितीही स्वस्त मिळाली तरी.

यातल्या पुष्कळ टोप्या बांगलादेशातून येतात. तिथल्या बोगरा जिल्ह्यात, शेरपूर आणि धुनटच्या आसपासच्या गावांत, बायका घरकाम उरकून ‘जाली टुपी’ विणतात. दलाल नगावर पैसे देऊन त्या गोळा करतो, पुढे व्यापारी त्या बाहेर पाठवतात, आणि रमजानच्या आधी मागणी सर्वांत जास्त असते. घेणारा ती टोपी श्रद्धेनं डोक्यावर ठेवतो. कुणी डझनभर घेऊन गावी नातेवाइकांना वाटतो. या सगळ्या प्रवासात पुण्याची भावना जागोजागी आहे. विणणारीला मात्र नगामागे अगदी थोडं मिळतं, आणि तिचं नाव कुठेच नसतं.

सौदी अरेबियात राहणाऱ्या मराठी बायकांमध्ये अलीकडे जी एक चांगली इच्छा दिसते, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. पण बोगऱ्याच्या त्या बाईला विसरून लिहिता येणार नाही. इच्छा अशी: क्रोशाच्या वस्तूंचा छोटासा उद्योग सुरू करावा आणि त्यातून येणारे पैसे एखाद्या सत्कार्याला द्यावेत. कर्करोग झालेल्या मुलांना, गावाकडच्या शाळेला, वृद्धाश्रमाला. बाहुल्या, टोप्या, पर्सेस, बाळांचे मोजे विणायचे, ओळखीच्या वर्तुळात विकायची आणि ‘सर्व रक्कम दान’ असं लिहायचं. हेतू इतका निर्मळ की त्यावर प्रश्न विचारणंच खडूसपणाचं वाटतं. तरीही विचारायला हवा. दान देताना ते नेमकं कुणाच्या खिशातून जातं?

आधी ही इच्छा येते कुठून ते पाहू. रियाध, जुबैल, दम्माम, जेद्दा इथली मराठी घरं म्हणजे बहुतेक नवऱ्याच्या नोकरीवर उभी राहिलेली घरं. त्यांत इंजिनिअर, डॉक्टर आणि बँकवाले आहेत, तसेच रत्नागिरी-रायगडातून पिढ्यान् पिढ्या आखातात येणारे कोकणी मुसलमानही आहेत. बायको येते ती अवलंबित म्हणून, नवऱ्याच्या इकाम्याला, म्हणजे राहण्याच्या परवान्याला, जोडलेल्या इकाम्यावर. एम.एस्सी. झालेली, शाळेत शिकवलेली, हिशेबात पक्की बाई इथे कागदोपत्री फक्त कुणाची तरी पत्नी होते. २०१७ च्या जुलैपासून सौदी सरकारनं अवलंबितांवर माणशी महिना १०० रियालचं शुल्क लावलं. दर वर्षी शंभरानं वाढत ते २०२० मध्ये ४०० वर गेलं. बायको आणि दोन मुलं असली तर वर्षाचे १४,४०० रियाल केवळ त्यांच्या असण्याचे. घरी बसलेल्या हुशार बाईला हा आकडा बोचतो. आपण या घरावर खर्च म्हणून लिहिले जातो, ही जाणीव वाईट असते. तेव्हा हातात सुई घेणं आणि त्या हातांतून कुणाचं तरी भलं व्हावं असं वाटणं यात मला पळवाट दिसत नाही. त्यात स्वतःची किंमत स्वतः ठरवण्याची धडपड दिसते. आणि नेमक्या त्याच ठिकाणी, किंमत ठरवताना, ती फसते.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका बाहुलीला सहा तास लागतात आणि दोरा, कापूस, डोळे धरून १५ रियालचं सामान जातं. तासाचा दर काय धरायचा? सौदीत खासगी कंपनीला सौदी नागरिकांच्या सक्तीच्या कोट्यात एखादा कर्मचारी पूर्ण एक म्हणून मोजायचा तर त्याला महिना किमान ४,००० रियाल द्यावे लागतात. कायद्यानं आठवड्याचे जास्तीत जास्त ४८ तास, म्हणजे महिन्याचे सुमारे २०८. तासाला १९ रियाल आणि थोडे वर. ही काही कारागिराची मजुरी नव्हे, तळाची पायरी आहे. सहा तासांचे, सोयीसाठी, ११५ धरू. सामान मिळवून १३० झाले. नफा नाही, दान नाही, अजून बाहुली फक्त विणून झाली आहे.

आता हीच बाहुली साठ रियालला विकली जाते असं धरा, कारण त्याहून जास्त कुणी देणार नाही असं वाटतं. समजा, सगळे नव्हे, ‘निम्मे पैसे दानाला’ असं ठरलं आहे. तीस रियाल संस्थेला गेले, पंधरा सामानाचे, उरले पंधरा. सहा तासांचे पंधरा, म्हणजे तासाला अडीच रियाल. बाईचा हक्क ११५ चा होता, हातात पडले १५. तिनं शंभर रियाल सोडले. त्या शंभरातले तीस दानाला पोचले. बाकीचे सत्तर कुठे गेले? ते गिऱ्हाइकाला गेले. एकशेतीसची वस्तू त्याला साठला मिळाली, आणि वर आपण दानधर्म केला हे समाधानही.

हे आकडे बदलून पाहिले, तास चार केले किंवा किंमत ऐंशी केली, तरी दिशा बदलत नाही. ‘पैसे दानाला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा स्वस्त हस्तकलेत सर्वांत मोठी देणगीदार विणणारी असते आणि तिच्या देणगीतला मोठा वाटा गरजवंताकडे न जाता ज्याला गरज नाही अशा खरेदीदाराकडे जातो. दान करायचंच तर याहून वाया जाणारी रीत शोधून सापडणार नाही.

यावर लगेच म्हटलं जातं की तिचा वेळ तसाही रिकामाच होता. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. आपल्याकडे क्रोशाला किंमत नसण्याचं मूळ या वाक्यात आहे. रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल, टेबलक्लॉथ, दारावरचं तोरण, बाळाचं कुंची-टोपडं, या वस्तूंची आपण तारीफ केली, मोल कधी केलं नाही. मुलीचा हात चांगला आहे हे दाखवायला त्या मांडायच्या, आणि लग्नानंतर तोच हात पोळपाटावर गेला की विषय संपला. दुपार ही बाईची रिकामी वेळ, त्या वेळात जे होतं ते काम नव्हे, असं आपण मानून चाललो.

ही समजूत व्यापाराला किती उपयोगी पडते हे पाहायचं तर आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरला जावं लागतं. १८४४ च्या सुमारास तिथे आलेल्या मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्यानं गावातल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. हेतू सत्कार्याचाच होता: गरीब बायकांच्या हाताला काम मिळावं. कामाचा धंदा झाला, धंदा मोठा झाला, लेस युरोपात जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे गेल्या, तेव्हा या लेसवर एक लाखाहून जास्त बायका राबत होत्या आणि त्यांची मजुरी शेतमजूर बाईपेक्षाही कमी होती. १९८२ साली आलेल्या त्यांच्या ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकाचा गाभा हा की हे सगळं शक्य झालं ते या बायकांना कुणी कामगार मानत नव्हतं म्हणून. त्या गृहिणी होत्या. लेस हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग होता. निर्यात करणारे पुरुष व्यापारी होते, विणणाऱ्या बायका ‘घरीच बसून’ होत्या. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. लेसचं नाव झालं याचा आनंद आहे. पण दान म्हणून सुरू झालेलं काम मजुरी ठरवताना दानाचंच राहिलं, हे दीडशेहून जास्त वर्षांचं ओझं मानांकनानं उतरत नाही.

रियाधच्या फ्लॅटमधली मराठी बाई नरसापूरच्या बाईइतकी गरीब नाही, हे खरं. तिला कुणी लुबाडत नाही. ती आपणहून सोडते. पण तिच्या सोडण्याचे परिणाम तिच्यापुरते राहत नाहीत. हस्तकलेच्या एखाद्या प्रदर्शनात तिनं टेबल मांडलं तर शेजारच्या टेबलावर कोण असतं? सौदीत ‘उसर मुंतिजा’, म्हणजे उत्पादक कुटुंबं, या नावानं घरगुती उद्योगांना सरकारी पाठबळ आहे. सामाजिक विकास बँकेची कर्जं आहेत. त्या टेबलामागे बसलेली सौदी बाई, बऱ्याचदा विधवा किंवा घटस्फोटित, तशाच टोप्या आणि तशाच पर्सेस घेऊन बसते आणि त्यावर तिचं घर चालतं. तिनं खरी किंमत लावली की गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणतं, तिकडे निम्म्यात मिळते, आणि ते पैसे दानाला जातात. तिला याचं उत्तर देता येत नाही. सुस्थितीतल्या बाईच्या परोपकारानं गरजू बाईचा भाव पाडला जातो.

मग हाताच्या कामाचं पवित्र कामाशी नातं कसं असावं? सौदीत याचं सर्वांत ठळक उत्तर मक्केत आहे. काबागृहावर चढवला जाणारा किस्वा म्हणजे या देशातली सर्वांत पूज्य हातकारागिरी. १९२७ मध्ये राजे अब्दुल अझीझ यांनी त्यासाठी मक्केत कारखाना उभारायला सांगितला; तो पुढे १९७७ मध्ये उम्म अल-जूद भागात आला. एका किस्व्याला शेकडो किलो रेशीम लागतं, सोन्या-चांदीच्या तारा लागतात, आणि कुराणातल्या आयतींचं जरीचं भरतकाम आजही हातानं होतं. ते करणारे कारागीर पगारी नोकर आहेत. या कामात सेवेची भावना किती असेल हे सांगायला नको. फुकट करायला लाखो माणसं रांग लावतील. तरी तिथे कुणी म्हटलं नाही की काम इतकं पवित्र आहे तर पगार कशाला. उलट काम पवित्र म्हणूनच ते करणाऱ्याची ददात मिटवलेली आहे.

याच परंपरेतला दुसरा विचार मला आणखी महत्त्वाचा वाटतो. वक्फ हा शब्द आपल्याकडे हल्ली फक्त वादातून कानावर येतो, पण कल्पना म्हणून तो साधा आणि खोल आहे: एखादी मिळकत कायमची धर्मादाय ठेवायची, ती विकायची नाही, वाटायची नाही, तिचं उत्पन्न तेवढं चांगल्या कामाला लावायचं. विहीर, खजुराची बाग, दुकानांची रांग. मक्केत हरमच्या, म्हणजे मोठ्या मशिदीच्या, समोर उभे असलेले घड्याळाच्या मनोऱ्याचे अजस्र टॉवर हाही कागदोपत्री राजे अब्दुल अझीझ यांच्या नावाचा वक्फच आहे. धंद्यातून दान ही कल्पना म्हणजे या मातीत कुणी बाहेरून आणलेली नवलाई नाही. आणि या वक्फच्या शास्त्रात एक नियम आहे, जो दानासाठी धंदा करू पाहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात घ्यावा. मिळकतीच्या उत्पन्नावर पहिला हक्क मिळकतीच्याच देखभालीचा असतो. बागेला आधी पाणी, भिंतीला आधी डागडुजी; उरेल ते लाभार्थ्यांना. दात्यानं तसं लिहून ठेवलं नसलं तरीही. कारण बाग वाळली तर लाभार्थ्यालाही काही उरणार नाही.

क्रोशाच्या उद्योगात मिळकत कोणती? दोरा नव्हे, सुई नव्हे. बोटं, मनगट, मान, डोळे आणि त्यांत साठलेलं कसब. सलग विणणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू होतं, खांदे धरतात, रात्रीच्या दिव्याखाली काळा दोरा दिसेनासा होतो. या हातांची देखभाल म्हणजे त्यांची मजुरी, त्यांची विश्रांती, त्यांना नवीन शिकायला मिळणारा वेळ. ती आधी. मजुराचा घाम वाळण्याच्या आत त्याची मजुरी द्यावी ही शिकवण या देशात लहान मुलालाही ठाऊक आहे. मजूर आणि मालक एकच बाई असली म्हणून ती शिकवण गळून पडत नाही.

आता कायद्याकडे येते, कारण सद्भावनेच्या भरात याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. सौदी नागरिक असलेल्या बाईला घरबसल्या हस्तव्यवसाय करायचा तर मुक्त व्यवसायाचा सरकारी दाखला ऑनलाइन मिळतो. तो परदेशी माणसाला मिळत नाही. अवलंबित इकाम्यावरच्या मराठी बाईला स्वतःच्या नावानं धंदा चालवण्याची मुभा नाही. त्यासाठी गुंतवणूकदाराचा परवाना किंवा २०१९ पासून सुरू झालेली प्रीमियम रेसिडेन्सी लागते, आणि ती कायमची घ्यायची तर आठ लाख रियाल मोजावे लागतात. बाहुल्या विणणाऱ्या बाईसाठी ही वाट नव्हेच. मग कुणीतरी सुचवतं, ओळखीच्या सौदी बाईच्या नावावर करू. याला तिथे ‘तसत्तुर’ म्हणतात, नावाआडचा धंदा. २०२० च्या कायद्यानं त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाख रियालपर्यंत दंड आहे.

दानाची बाजूही तितकीच कडक आहे. परवान्याशिवाय वर्गणी किंवा देणगी गोळा करणं हा सौदीत गुन्हा आहे, मग ती कितीही चांगल्या कामासाठी असो. ‘ही पर्स घ्या, पैसे अमुक मुलाच्या ऑपरेशनला जातील’ असं व्हॉट्सॲपच्या गटावर लिहिणारी बाई एकाच वाक्यात दोन कायदे मोडू शकते. हे नियम निर्दयी आहेत असं मला वाटत नाही. दानाच्या नावाखाली जमलेला पैसा कुठे जातो हे विचारण्याचा राज्याला हक्क आहे, आणि इथे त्यामागे कटू अनुभव आहेत. २०२१ पासून ‘एहसान’ हा सरकारी मंच आहे. कुणालाही तिथे थेट, अगदी छोटी रक्कमसुद्धा देता येते आणि ती कुठे लागली हे पाहता येतं.

मग त्या बाईनं काय करावं? मला दोन सरळ वाटा दिसतात, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत असं ठामपणे वाटतं.

पहिली वाट वस्तूच देण्याची. पैसा मध्ये आणायचाच नाही. मुंबईतली साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायचे, सुती दोऱ्यात विणलेले हलके कृत्रिम स्तन बायकांना मोफत देते. सिलिकॉनचे महाग आणि जड असतात, उकाड्यात त्रास देतात. विणलेले धुता येतात, ब्लाउजमध्ये सहज बसतात. अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘निटेड नॉकर्स’ या चळवळीतून हे काम जगभर पसरलं. इथे विणणारीचे सहा तास एका ठरावीक बाईच्या अंगावर, पूर्णच्या पूर्ण, पोचतात. मध्ये सवलत खाणारं गिऱ्हाईक नाही. हे खरं दान. आणि यात कसबाचा कस लागतो: आकार, वजन, दोऱ्याचा मऊपणा, आतल्या बाजूला गाठ न येणं. हौसेनं विणलेली ओबडधोबड वस्तू इथे चालत नाही.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवावंसं वाटतं, सावध करणारं. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणून देण्याची चळवळ सुरू झाली. त्याचे पाय बाळाला नाळेसारखे वाटतात, बाळ नळ्या ओढत नाही, श्वास सुधारतो, असं सांगितलं गेलं आणि जगभर हजारो बायकांनी ते विणले. त्या दाव्यांना भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. चळवळीनं स्वतः कडक नियम केले, शंभर टक्के सुती दोरा, साठ अंशांवर धुता येईल असा, पायांची लांबी मोजून, ते चांगलंच. पण रुग्णालयाला काय हवं हे रुग्णालयाला विचारल्याशिवाय आपल्याला काय विणायला आवडतं तेच पाठवणं ही परोपकाराची जुनी खोड आहे. किमो घेणाऱ्या मुलाला लोकरी टोपी टोचते, चिकटवलेला डोळा निघून घशात जाऊ शकतो, आणि सौदीत खेळणं म्हणून विकायचं तर त्याला आखाती देशांचं ‘जी-मार्क’ प्रमाणपत्र लागतं. सौदीत कर्करोगग्रस्त मुलांसाठी ‘सनद’, स्तनाच्या कर्करोगासाठी ‘जहरा’ अशा नोंदणीकृत संस्था आहेत. आधी त्यांच्या दारात जाऊन विचारायचं, मग टाका घालायचा.

दुसरी वाट धंद्याची, आणि धंदा म्हणजे धंदाच. तो महाराष्ट्रात करता येतो: सासरच्या किंवा माहेरच्या गावात, बहिणीच्या, नणंदेच्या बचत गटात, आपल्या कायद्याच्या चौकटीत. सौदीत राहणारी बाई त्याला नमुने, रंगसंगती, आखाती गिऱ्हाइकाची आवड यांची जोड देऊ शकते. या वाटेवर आपल्याकडे एक मोठा आदर्श आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते कर्ज देणारे आणि पुढे मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख यांचा आग्रह होता की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. पुढे ‘लिज्जत’ या नावानं वाढलेल्या त्या उद्योगानं तो पाळला. पापड घेणाऱ्यानं गरीब बायकांना मदत म्हणून घेतला नाही, पापड चांगला म्हणून घेतला. आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण झाली. समाजासाठी एवढं मोठं काम उभं राहिलं ते दयेला विक्रीच्या टेबलापासून लांब ठेवल्यामुळे. सौदीतही याच धर्तीचा प्रयत्न झालेला आहे: कसीम प्रांतातल्या बुरैदा इथली ‘हिरफा’ ही बायकांची सहकारी संस्था. रियाधमध्ये १९६२ पासून काम करणारी ‘अल-नहदा’ ही धर्मादाय संस्था; ‘हिरफा’ मात्र सहकारी, सभासदांची. दोन्हींना आपापली जागा आहे, आणि बायकांच्या हाताच्या कामासाठी मला सहकारी रूप अधिक सन्मानाचं वाटतं.

राहतो तो शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे: एकशेतीस रियालला, किंवा गावाकडे त्या हिशेबानं, बाहुली कुणी घेणार नाही. मग ती बाहुली विकायला विणू नये. सहा तासांची वस्तू ज्या बाजारात खपत नाही तिथे दीड तासाची, पण नजर खिळवणारी वस्तू शोधावी लागते. रचना करण्याची बुद्धी इथे कामाला येते. हाताच्या चिकाटीवर सगळा भार टाकणं हा बुद्धीचा आळस आहे. सौदी सरकारनं २०२५ हे हस्तकला वर्ष म्हणून साजरं केलं, बेदुइन बायकांच्या ‘सदू’ विणकामाला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. हातानं केलेल्या वस्तूला पैसे मोजणारा वर्ग तिथे वाढतो आहे. तो वर्ग स्वस्त म्हणून घेत नाही. त्याला ही वस्तू कुणी, कशी, किती वेळात केली हे जाणून घ्यायचं असतं.

ते त्याला सांगावं. वस्तूला लावलेल्या चिठ्ठीवर तीन ओळी असाव्यात: सामान इतकं, विणणारीची मजुरी इतकी, उद्योगाचा खर्च इतका. दानाची ओळ चौथी आणि ती वेगळी. नफा झाला तर त्यातून किती आणि कुठे दिलं हे वर्षाच्या शेवटी, पावतीसह. गिऱ्हाइकाला आणखी द्यावंसं वाटलं तर त्यानं स्वतःच्या हातानं धर्मादाय संस्थेला द्यावं. ते त्याचं दान, त्याच्या खिशातून. पहिली दोन-तीन वर्षं चौथ्या ओळीत बहुधा शून्य येईल, आणि ते तसंच छापावं. त्या काळात कुणी विचारलं की तुमच्या उद्योगानं कुणाचं भलं केलं, तर वरच्या दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवता येईल: सांगलीच्या किंवा चिपळूणच्या पाच-सहा बायकांना त्यांच्या तासांचे पूर्ण पैसे मिळाले.